आईची नोंद ठाण्यात, मुलाची नोंद कोठेच नाही

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त समाज हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. यवतमाळ जिल्ह्यातही सभा होतात, सवलतींच्या मागण्यांची निवेदने दिली जातात, आणि दुसऱ्या दिवशी व्यवहार पूर्ववत सुरू होतो. परंतु या कायद्याने आईबापांपासून तोडलेल्या मुलांचे पुढे काय झाले, ती कोणाची म्हणून वाढली, हा प्रश्न या सभांतून क्वचितच निघतो. जमात मुक्त झाली असे आपण म्हणतो. पण जमातीची मुले परत आली काय? हा केवळ जुन्या दप्तरांचा प्रश्न असता तर तो आम्ही संशोधकांवर सोपविला असता. तसा तो नाही. ज्या आईला राज्यसंस्था गुन्हेगार ठरविते तिच्या मुलावर त्या आईचा हक्क किती, आणि त्या मुलाचा आपल्या जन्माच्या सत्यावर हक्क किती, हा आजचा प्रश्न आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातील पारधी बेड्यांवर आजही उभा आहे.

प्रथम कायद्याचा इतिहास पाहू. १८७१ च्या मूळ कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याची सोय केली. जमातीतील माणसांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत घालावयाची, त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून हद्द सोडावयाची नाही, अशी ती व्यवस्था होती. १८९७ च्या दुरुस्तीने सरकार आणखी पुढे गेले. चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून काढून निराळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. १९११ साली या कायद्याची व्याप्ती देशभर वाढविण्यात आली, आणि १९२४ च्या कायद्यातही मुले वेगळी काढण्याचा अधिकार कायम राहिला. हा अधिकार वापरण्यासाठी मुलाने काही केलेले असण्याची गरज नव्हती. त्याच्या आईवर एखादा गुन्हा शाबीत झालेला असण्याचीही गरज नव्हती. ती जाहीर झालेल्या जमातीची आहे, एवढे पुरे होते.

या तरतुदीमागील विचार किती विसंगत होता हे लक्षात घेण्यासारखे आहे. गुन्हेगारी रक्तातच असेल, तर मूल आईपासून दूर नेल्याने ती जाणार कशी? आणि मूल दूर नेल्याने ती जात असेल, तर ती रक्तात नव्हती हे उघड आहे. मग तिचे कारण परिस्थितीत शोधावयास हवे होते. जंगल बंद झाले, कुरणे गेली, मीठ-धान्याची वाहतूक रेल्वेने हिरावून घेतली, यांत शोधावयास हवे होते. पण राज्यकर्त्यांना दोन्ही सिद्धान्त एकाच वेळी हवे होते. पहिल्याच्या जोरावर जमात डांबता येत होती, दुसऱ्याच्या जोरावर तिची मुले नेता येत होती. त्यात आर्थिक हितसंबंधही होते. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, विजापूर येथे अशा वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या काटेरी तारांआडची माणसे तेथील गिरण्यांत राबत आली. देशात अन्यत्र काही वसाहतींचा कारभार साल्व्हेशन आर्मीसारख्या मिशनांकडे सोपविलेला होता. आत्म्याचा उद्धार आणि स्वस्त मजुरी या दोन गोष्टींची अशी सांगड घातली गेली, आणि तिच्या आड आईपासून तोडलेल्या मुलाचे रडणे कोणाच्या कानी पडले नाही.

वऱ्हाडातील आपला जिल्हा या इतिहासाशी जवळून बांधलेला आहे. विमुक्त जातींच्या यादीत असलेल्या बंजारा समाजातून पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक पुढे आले आणि १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री झाले. समाजाला जमीन, शिक्षण आणि राजकीय बळ यांचा थोडाफार आधार मिळाला तर शिक्का पुसता येतो, याचे हे उदाहरण होय. फासेपारध्यांच्या वाट्याला तो आधार आला नाही. तितर, लावा, ससा फाशात धरून विकणे हा त्यांचा पिढीजात धंदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. वन्यजीवांचे रक्षण व्हावयासच हवे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु ज्यांचे पोट त्या फाशावर होते त्यांना दुसरे साधन देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. अनुसूचित जमातींवरील क्षेत्रबंधन १९७६ साली उठले, पण बेड्यावरील बाईच्या हाती जातीचा दाखला आपोआप आला नाही. भीक मागणे, भंगार वेचणे, शेतावर रोजाने जाणे, मोहाची दारू गाळणे, एवढेच तिच्यापुढे उरले, आणि त्यांतील निम्मे उद्योग कायद्याने गुन्हे आहेत.

येथे १९५९ या सालाकडे वाचकांचे लक्ष वेधावयास हवे. जुना कायदा जाऊन सात वर्षे झाली होती. त्या साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला, आणि त्याच सालचा भिक्षा प्रतिबंधक कायदाही आहे. पहिल्या कायद्यात जमातीचे नाव नाही. परंतु जुन्या नोंदवहीतील माणसे नव्या नावाखाली पोलिसांच्या नजरेत राहिली. दुसऱ्या कायद्याने भीक मागणाऱ्याला वॉरंटाशिवाय धरण्याचा अधिकार दिला, आणि मुलांविषयी एक तरतूद केली. भीक मागताना धरलेल्या बाईवर अवलंबून असलेले मूल बालन्यायालयाकडे पाठवावयाचे. ते पाच वर्षांच्या आतील असेल आणि तिचेच असेल तर तोवर तिच्याजवळ ठेवता येईल, पाच वर्षे पूर्ण झाली की तेही वेगळे. १८९७ ची चार वर्षांची मर्यादा आणि १९५९ ची पाच वर्षांची मर्यादा यांत स्वातंत्र्य मिळाल्याचा फरक एका वर्षाचा! दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. जेथे तो जन्मला त्या महाराष्ट्राने मात्र तो रद्द केलेला नाही.

आता आजची यंत्रणा कशी चालते ते पाहू. परिसरात चोरी झाली की संशय प्रथम बेड्यावर येतो. पुरुष पांगलेले असतात. हाती लागतात त्या बायका. बाई कोठडीत गेली तर अंगावरचे मूल तिच्याबरोबर जाते, आणि थोडी मोठी मुले बेड्यावर, बसस्थानकावर किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतात. जामीन म्हणून उभा राहावयास सातबारा असलेला माणूस लागतो, तो बेड्यावर कोठून यावयाचा? अशा रीतीने किरकोळ आरोपाखाली धरलेली बाईही महिनोन् महिने कच्ची कैदी म्हणून राहू शकते.

कारागृहातील मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय खटल्यात सविस्तर निर्देश दिले आहेत. आईबरोबर आत असलेल्या मुलाला कैदी समजावयाचे नाही. सहा वर्षांपर्यंत ते आईजवळ राहू शकते. त्याला आहार, औषध, पाळणाघर, शिक्षण मिळाले पाहिजे. सहा वर्षे झाल्यावर आईच्या इच्छेप्रमाणे योग्य व्यक्तीच्या हाती ते द्यावे किंवा समाजकल्याण खात्याच्या संस्थेत पाठवावे, आणि शक्यतो त्या गावाबाहेर नेऊ नये. याच निर्देशांत असेही म्हटले आहे की, कारागृहात जन्मलेल्या मुलाची नोंद स्थानिक जन्मनोंदणी कार्यालयात करावी, परंतु जन्मस्थान म्हणून कारागृहाचा उल्लेख न करता केवळ त्या भागाचा पत्ता लिहावा.

या शेवटच्या निर्देशामागील करुणा आम्ही मनापासून मान्य करतो. शाळेच्या दारातच मुलाच्या कपाळी तुरुंगाचा शिक्का नको, हे रास्तच आहे. तथापि ही गुप्तता जगापासून आहे, मुलापासून नव्हे. आपण कोठे जन्मलो, कोणाच्या पोटी जन्मलो आणि ती तेथे का होती, हे जाणण्याचा अधिकार त्या मुलाचाच आहे. दाखल्यावरील एक ओळ झाकणे वेगळे आणि आईच पुसून टाकणे वेगळे. आपली व्यवस्था पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती सहज घसरते, हेच चिंतेचे कारण आहे.

ही घसरण कशी होते? फलाटावर सापडलेले मूल बाल कल्याण समितीपुढे येते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे आईबापांचा शोध घेतला जातो, वर्तमानपत्रात मुलाचे छायाचित्र छापले जाते. शोध लागला नाही तर दोन वर्षांपर्यंतचे मूल दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळे जाहीर करावयाचे असते. आई स्वतः मूल सोपवून देत असेल तर फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. ज्याला खरोखर कोणी नाही अशा मुलाच्या दृष्टीने ही मुदत योग्यच आहे. संस्थेत वर्षे काढण्यापेक्षा घर लवकर मिळणे केव्हाही बरे. पण जी आई वर्तमानपत्र वाचू शकत नाही, जी त्याच वेळी दुसऱ्या जिल्ह्याच्या कारागृहात आहे, किंवा जिचा बेडा कामासाठी शंभर मैलांवर गेला आहे, तिच्यासाठी दोन महिने म्हणजे काहीच नव्हे. ती शोधात असते आणि दप्तरात मात्र तिने मूल टाकले असे लिहिले जाते. कोऱ्या कागदावर अंगठा देण्याची सवय पोलीस ठाण्यानेच तिला लावलेली आहे. सोपवणुकीच्या कागदावर तिचा अंगठा उमटला तर ती तिची संमती मानावयाची काय?

दत्तक घेणाऱ्या आईबापांविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. महाराष्ट्राला दत्तकाची एक थोर परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे तेथे आलेल्या एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. त्याच्या जन्माची हकीकत त्यांनी झाकून ठेवली नाही, आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. त्यांनी मूल स्वीकारताना त्याच्या आईला कलंकित ठरविले नाही. दत्तकाची कसोटी आम्ही हीच मानतो.

यावर सज्जन माणसेही एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, बेड्यावर उपाशी, मार खात, निरक्षर वाढण्यापेक्षा ते मूल एखाद्या चांगल्या घरात वाढले तर बिघडले कोठे? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. बेड्यावरील दारिद्र्य आणि मार ही आईने दिलेली देणगी नव्हे. ती राज्यसंस्थेने दिलेली आहे. आपणच लादलेल्या दारिद्र्याचे कारण दाखवून मूल घेणे हा न्याय होऊ शकत नाही. बाल न्याय कायदाही कुटुंबाला पहिले स्थान देतो आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. संस्थेतील मुलावर सरकार खर्च करतेच. तोच पैसा घरी राहणाऱ्या मुलामागे का जाऊ नये? राज्याच्या बालसंगोपन योजनेखाली दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि कारागृहातील पालकांच्या मुलांसाठीही ती आहे. पण अर्जाला मुलाचा जन्माचा पुरावा लागतो, आणि तेथेच बेड्यावरची आजी किंवा मावशी परत फिरते.

कारण या मुलांचा जन्म कोठे नोंदलेलाच नसतो. पालावर, कामाच्या वाटेवर, रुग्णालयाच्या दाराशी जाण्याच्या भीतीने आडोशाला झालेला जन्म नोंदवावयास कोण जाणार? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, आधार, सरकारी नोकरी यांसाठी जन्मदाखला हाच आधार धरला जातो. एक वर्षाहून उशीर झालेली नोंद जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशावाचून होत नाही, आणि २०२५ साली राज्यात त्याचे नियम आणखी कडक झाले. त्याच २०२५ च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात शेंदुरसनी या लहानशा ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून अधिक संशयास्पद जन्मनोंदी चढविल्या गेल्याचे उघडकीस आले. न जन्मलेल्या हजारोंची नोंद ज्या जिल्ह्यात होऊ शकते, तेथे डोळ्यांसमोर धूळ खेळणाऱ्या पोराची नोंद होत नाही. अशा घोटाळ्याने वाढलेल्या कडक चौकशीचा पहिला बळी मात्र हेच पोर ठरेल, कारण त्याच्या बाजूने साक्ष देणारी त्याची आई पोलिसांच्या लेखी अविश्वसनीय आहे. तिची नोंद ठाण्यात आहे, बोटांच्या ठशांसह आहे. तिच्या मुलाची नोंद कोठेच नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, झरी-जामणीच्या कोलाम पोडांवर, याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. कोलाम ही अतिदुर्बल म्हणून मान्य झालेली आदिम जमात. तेथील कुमारी मातांचा प्रश्न विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत अनेक वर्षे गाजला. ठेकेदार, त्यांची माणसे, बाहेरून आलेले सधन लोक फसवून निघून गेले. मुलींच्या पदरी मूल आणि बोलणी राहिली. तेथे मुलाच्या जन्मकथेतून बापाचे नाव गाळले जाते, बेड्यावरच्या कथेतून आईचे. दोन्हीकडे एकच नियम दिसतो: ज्याच्याजवळ सत्ता आहे त्याचा गुन्हा गुप्त राहतो, जिच्याजवळ ती नाही तिच्या नावावर तो कायमचा लागतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला १८८१ साली बालहत्येबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी झाली. त्या खटल्यातील बापाला कोणी विचारले नाही, यावर संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. याच वऱ्हाडातून विचारलेल्या त्या प्रश्नाला आजही उत्तर मिळालेले नाही.

अन्य देशांनी या बाबतीत आपली चूक मान्य केली आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने आदिवासी कुटुंबांतून काढून नेलेल्या मुलांची १३ फेब्रुवारी २००८ रोजी जाहीर क्षमा मागितली. सक्तीच्या दत्तकविधानांबद्दल अविवाहित माता आणि त्यांची मुले यांची क्षमा २१ मार्च २०१३ रोजी सरकारने मागितली. आयर्लंडने २०२२ साली कायदा करून दत्तक गेलेल्यांना आपल्या जन्माची कागदपत्रे पाहण्याचा अधिकार दिला. आपल्याकडेही दत्तक नियमावलीत मूळ शोधण्याची वाट आहे. परंतु ज्या मुलाच्या कागदावर ‘बेवारस’ एवढा एकच शब्द लिहिला आहे, त्याचा शोध त्या शब्दापाशीच संपतो. क्षमा मागण्याची गोष्ट दूरच, भारतात किती मुले या कायद्यांखाली तोडली गेली याचा हिशेब संसदेत कधी मांडला गेला नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणाऱ्या नियमांवर ताशेरे ओढले. या निर्णयाने लढ्याला कायद्याचे बळ मिळाले आहे. त्याच्या आधारावर आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. भिक्षा प्रतिबंधक कायदा आणि सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द झाले पाहिजेत. गर्भार आणि लेकुरवाळ्या स्त्रियांना किरकोळ गुन्ह्यांत वैयक्तिक हमीवर जामीन मिळाला पाहिजे. अटक करतानाच स्त्रीच्या प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि ते कोणाजवळ आहे याची नोंद पोलिसांनी करून ती बाल कल्याण समितीला कळविली पाहिजे. कारागृहे आणि बेडे यांच्याकडे चौकशी केल्यावाचून कोणतेही मूल दत्तकासाठी मोकळे जाहीर होता कामा नये. सोपवणुकीचा कागद आईला तिच्या बोलीत, वकिलासमक्ष आणि तिच्या समाजातील एखाद्या स्त्रीसमक्ष समजावून दिला पाहिजे. आणि जुन्या वसाहतींची, सुधारशाळांची व अनाथालयांची दप्तरे जपून ठेवून वंशजांना खुली केली पाहिजेत.

पण मागण्या करून आपले काम संपत नाही. येथे आत्मपरीक्षणही करावयास हवे. कापसाच्या भावासाठी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी, धरणग्रस्तांसाठी आपण या जिल्ह्यात मोर्चे काढले. त्या मोर्च्यांत बेड्यावरची बाई किती वेळा होती? गावात चोरी झाली तेव्हा आपल्या शाखेतील किती जणांनी धाडीला विरोध केला, आणि किती जण गावकऱ्यांच्या बाजूला उभे राहिले? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने नोकरी सोडून भीक मागणाऱ्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा उभी केली. त्या समाजातील एक माणूस एकट्याने हे करू शकतो, तर संघटना का करू शकत नाही?

म्हणून प्रत्येक तालुका शाखेने येत्या काही महिन्यांत आपल्या हद्दीतील एकेका बेड्यावर जावे. भाषणासाठी जाऊ नये. कोरे अर्ज आणि वही घेऊन जावे. जन्माची नोंद नसलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, आईचे नाव, जन्माचा अंदाजे काळ आणि साक्षीदार लिहून घ्यावेत. प्रतिज्ञापत्राचा खर्च शाखेने उचलावा आणि अर्ज मंजूर होईपर्यंत कचेरीत पाठपुरावा करावा. जी आई कारागृहात आहे तिची मुले कोणाजवळ आहेत हे पाहावे, तिला भेटून त्यांची खबर द्यावी, आणि बालसंगोपनाचा अर्ज आजीच्या नावाने भरावा. ज्या बाईचे मूल संस्थेत गेले आहे तिच्याबरोबर बाल कल्याण समितीपुढे कोणीतरी उभे राहिले पाहिजे. पुढील विमुक्त दिनाच्या सभेत प्रत्येक शाखेने किती मुलांची नोंद झाली आणि किती मुले आईकडे परतली, एवढाच अहवाल सादर करावा. त्या अहवालावाचून केलेल्या भाषणांचा बेड्याला काही उपयोग नाही.